वेगळ्या न ठेवलेल्या दोन कोंबड्या

पुण्याजवळ भुकूममध्ये मी आणि माझा नवरा वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली राहणाऱ्या घरमालकिणीला मी काकू म्हणते. काकूंच्या मागच्या अंगणात खुराडं होतं, चौदा कोंबड्यांचं. अंगणापलीकडे त्यांच्या धाकट्या जाऊबाईंचं घर. त्यांच्याही आठ-दहा होत्या. दिवसभर सगळ्या एकाच उकिरड्यावर उकरायच्या आणि अंधार पडायच्या आत आपापल्या घरी जायच्या.

मी मूळची लातूरची, फ्लॅटमध्ये वाढलेली, काम घरूनच लॅपटॉपवर. कोंबड्यांचं वेड मला इथे लागलं. मीही दोन घेणार, असं काकूंना सांगून ठेवलं होतं.

काकूंच्या मुलीचं बाळंतपण ताम्हिणीला होतं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी एक खुडूक झालेली राखाडी कोंबडी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात टोपलीत बसवली, भुश्शावर, बारा अंड्यांवर. किल्ली माझ्या हातात देत म्हणाल्या, "रोज एकदा हिला उठव, दाणापाणी दे. आन तुझी नवी पाखरं आणलीस तर धा दिस येगळी ठेव. रोग अंगात असला तरी लगेच दिसत न्हाई."

आठव्या दिवशी पौड रस्त्याला एका टेम्पोवाल्याकडे दोन ठिपकेदार तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, दिसल्या. घेतल्या. खोक्यात घालून गॅलरीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोकं भिजून फाटलं, गॅलरीभर घाण झाली, आणि माझी तीन वाजता मीटिंग. दोघींना उचललं आणि खाली खुराड्यात सोडलं. त्या अधूनमधून शिंकत होत्या. पावसाळी हवा आहे, होतं असं, म्हणून मी वर गेले.

काकू परत आल्या त्या पेढे घेऊनच. खुराड्यात डोकावून खूश झाल्या. "छान हायेत गं. येगळ्या ठेवल्या व्हत्यास ना?"

"हो काकू, दहा दिवस."

त्या गेल्याच होत्या दहा दिवस, म्हणजे त्या निघाल्या त्याच दिवशी मी कोंबड्या आणायला हव्या होत्या. हिशेब त्यांनी केला नाही, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

काकू आल्यावर चौथ्या दिवशी त्यांचा तांबडा कोंबडा पंख पाडून एका जागी बसला. संध्याकाळी त्याची मान वाकडी झाली, इतकी की तोंड आभाळाकडे. दुसऱ्या दिवशी चार गेल्या. मग माझ्या दोघी. हिरवट पांढरी शी, उघड्या चोचीने श्वास, लुळे पाय. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले, म्हणाले मानमोडी आहे, आता औषध नाही. आणि विचारलं, "बाहेरून नवीन पक्षी आणला होता का?"

मी जिन्याजवळ उभी होते. काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट पलीकडे बोट दाखवलं. "तिकडं आणलाय कोंबडा. हिच्या भावानं, मुठा गावावरनं."

जाऊबाई दारातच होत्या. त्यांच्याही पाच मेल्या होत्या. "माझ्या भावानं रोग आणला म्हणतीस? वैनी, तोंड सांभाळून बोल!"

मग जे सुरू झालं ते अर्धा तास चाललं. कोंबड्यांवरून बांधावर गेलं, बांधावरून लग्नातल्या मानपानावर. शेवटी काकूंनी त्या भावाला फोन लावला आणि नको नको ते बोलल्या. मी तोवर वर येऊन गॅलरीत उभी राहिले होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. पण मी खाली गेले नाही. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आता सांगून काय उपयोग?" मला तेच ऐकायचं होतं, आणि ते ऐकून अजूनच वाईट वाटलं.

आठवडाभरात दोन्हीकडचं अंगण रिकामं झालं. सकाळी जाग यायची ती आरवण्याने. आता रस्त्यावरच्या डंपरने येऊ लागली. स्वयंपाकघरातली राखाडी तेवढी वाचली, कारण ती बाहेर गेलीच नव्हती. अंड्यांवर बसल्यापासून एकविसाव्या दिवशी तिच्याखाली नऊ पिल्लं निघाली. काकूंनी मला हाक मारून दाखवली. ओलसर पिल्लू माझ्या तळहातावर ठेवलं. ते कापत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खुराड्यात चुना टाकत होत्या. मी खाली जाऊन सांगितलं. एकच दिवस वेगळ्या ठेवल्या, खोटं बोलले.

काकूंनी घमेलं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "कोंबड्यांचं जाऊ दे. मी तिला तोंडाला यील ते बोलत व्हते, तवा तू कुटं व्हतीस?"

"वर. गॅलरीत."

"बगत व्हतीस?"

"हो."

"चल. तितं सांग."

त्यांचे हात चुन्याने पांढरे होते, तशाच त्या पुढे चालल्या. जाऊबाई निवडणं घेऊन बसल्या होत्या. मी परत सगळं सांगितलं. मी सॉरी म्हटलं, ते त्या घरात फार किरकोळ वाटलं. जाऊबाई माझ्याशी बोलल्याच नाहीत. काकूंना म्हणाल्या, "कोंबड्या परत हुतील. माझा भाऊ आता हितं पाऊल टाकायचा न्हाई." काकू खाली मान घालून उभ्या राहिल्या. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

काकूंनी पुढे जाऊबाईंच्या भावाला फोन केला, एवढं मला माहीत आहे. तो काय म्हणाला ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

सातव्या दिवशी पिल्लांना लस द्यायची होती. बर्फात ठेवून कुपी मी आणली. काकूंनी एकेक पिल्लू धरलं, मी डोळ्यात थेंब टाकला. आम्ही कामापुरतं बोललो. "धर." "झालं." "दुसरं घे." खोली सोडा असं त्या म्हणतील, याची मी वाट पाहत होते. त्या म्हणाल्या नाहीत. पण किल्ली परत कधी माझ्याकडे दिली नाही.

महिन्याने लशीचा दुसरा डोसही झाला. दोन महिन्यांनी पिल्लं आईपासून सुटी झाली, तेव्हा काकूंनी त्यातली चार टोपलीत घातली, वर फडकं बांधलं. "तिच्याकडं नेऊन दे. तूच जा."

जाऊबाईंनी टोपली घेतली, फडकं सोडून आत पाहिलं.

"लस दिली?"

"हो. दोनदा."

"खरं सांगतीस?"

एवढ्या महिन्यांत त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या. मी म्हटलं, "खरं. काकूंना विचारा."

त्यांनी टोपली दाराबाहेरच ठेवली आणि अंगणातून काकूंना हाक मारली.