आतोबांचा अखंड कॉम्प्युटर

कॉम्प्युटर चालू ठेवणं हेच जीवितकार्य मानणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो म्हणजे डोंबिवलीचे माझे आतोबा! नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कॉम्प्युटर घेतला. त्या काळातले घरगुती कॉम्प्युटर दिवसातून दोनदा तरी रुसायचे. पडदा निळा व्हायचा, बाण जागच्या जागी थिजायचा आणि बंद करून पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नसायचं. लोक निमूटपणे बटण दाबायचे. आतोबांना मात्र तो स्वतःचा अपमान वाटायचा. "अरे, फ्रिज कधी हँग होतो का? मग यालाच काय धाड भरलीये?" असं ते मला दरडावून विचारायचे, जणू ते यंत्र मीच बनवलं होतं.

त्यांच्या ऑफिसातले टेंभी नाक्याचे एक सहकारी एकदा म्हणाले, "घरचा कॉम्प्युटर नऊ दिवस सलग चालला, तर मी मिशी उतरवीन." झालं! घटस्थापनेच्या सकाळी आत्याने देवघरात अखंड दिवा लावला आणि आतोबांनी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर सुरू केला. शुक्रवारी वीज जायची म्हणून इन्व्हर्टर आला. स्वयंपाकघरातला टेबलफॅन कॉम्प्युटरच्या मागे आला. पत्त्यांचा खेळ बंद, फ्लॉपी बंद, दार आपटणं बंद. ऑफिसातून रोज फोन यायचा, "चालू आहे ना?" आत्या विचारायची, "दिवा की कॉम्प्युटर?" आठव्या दिवशी तर आतोबा घरात चवड्यांवर चालत होते. त्यांना इतकं फुललेलं मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, कितवा दिवस हे विचारायला मीही रोज धावत जात होतो.

खंडेनवमीच्या संध्याकाळी आतोबा त्या सहकाऱ्यांना घेऊन घरी आले. कॉम्प्युटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर हळदकुंकू आणि पडदा काळा! पाचच मिनिटांपूर्वी, मी "आत्या, नको!" म्हणेपर्यंत तिने बटण दाबलं होतं.

"अगं, काय केलंस हे!"

"अहो, आज हत्यारांची पूजा. आज ती वापरायची नसतात," पदराने घाम पुसत आत्या म्हणाली. "नऊ दिवस राबलंय बिचारं. एक दिवस तरी विसावा नको का त्याला?"

त्या सहकाऱ्यांनी समाधानाने आपल्या मिशीवरून हात फिरवला. आता भडका उडणार, असं मला वाटलं. पण आतोबांनी आत्याच्या घामेजल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खुर्ची तिच्यापुढे सरकवली. मग हळूच म्हणाले, "तू बस. आज चहा मी करतो."

आत्या संशयाने बघत बघत खुर्चीत टेकली. दिवसाउजेडी तिला असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. आतोबा चहात साखर घालायला विसरले होते. तिने तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. आता दोघंही नाहीत. मला त्या संध्याकाळची फार आठवण येते.