धाक, तोही बी विंगमध्ये

मी लग्न होऊन वर्तकनगरला आले तेव्हा घरात सासूबाई, सासरे आणि पाचशे वर्षांपूर्वी वारलेला एक इटालियन गृहस्थ होता. आमचे हे डोंबिवलीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे आणि सत्ता कशी टिकवावी याबद्दलची त्या गृहस्थाची मतं आम्हाला जेवताना ऐकवायचे. माणसं मुळात कृतघ्न, लोभी आणि भित्री असतात. त्यांचं प्रेम सोयीनं आटतं, भीती मात्र टिकते. म्हणून प्रेम आणि धाक यांतलं एकच मिळणार असेल तर राजानं धाक घ्यावा. मी म्हणायचे, आमटी घ्या.

पुढे कळलं, की या गृहस्थाची सरकारी नोकरी गेली होती आणि गावी बसून तो राजांना सल्ले लिहीत होता. रिकाम्या माणसाचं होतं असं. हेही रिटायर झाले आणि सोसायटीचे सेक्रेटरी झाले.

पहिलाच फतवा निघाला: पॅसेजमधली चपलांची स्टँडं हलवा, आग लागली तर पळायला वाट हवी. मुद्दा बरोबर होता. कुणी ऐकलं नाही. तेव्हा यांनी ठरवलं, कठोर व्हायचं ते एकदाच आणि सगळ्यांदेखत, आणि सुरुवात आपल्या माणसापासून करायची, म्हणजे बाकीचे सरळ होतात.

आपलं माणूस म्हणजे समोरच्या वहिनी. माहेर कोपरीचं, कोळ्यांचं. मनात येईल ते तोंडावर बोलणार. सासूबाई गेल्या तेव्हा आमचं जेवण त्यांच्याकडून यायचं. त्यांच्या दाराशी बाकासारखं स्टँड होतं. त्यांच्या नवऱ्याच्या, भाऊंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते त्यावर बसून चपला घालायचे.

"अहो, निदान भाऊंचं राहू द्या," मी म्हटलं.

"एकाला सूट दिली की संपलं. राज्य असं चालत नाही."

"राज्य कुठाय? बी विंग आहे ही."

रविवारी यांनी वॉचमनकडून ते स्टँड खाली भंगाराशेजारी ठेववलं. संध्याकाळपर्यंत सगळे मजले मोकळे झाले. हे वरखाली फिरून बघून आले आणि दोन पोळ्या जास्त जेवले. लोकांच्या मालमत्तेला हात लावू नका, त्यानं धाक बसत नाही, द्वेष वाढतो, असंही त्याच इटलीच्या माणसानं बजावलं होतं. हे दरवर्षी वर्गात शिकवायचे ते. पण चपलांचं स्टँड ही मालमत्ता आहे असं यांना वाटलं नाही.

मी वहिनींच्या भांडणाची वाट बघत होते. त्या कडाकडा भांडल्या असत्या, मी त्यांच्या बाजूनं यांना चार शब्द सुनावले असते, मग चहा झाला असता. सोमवारी बेल वाजली. दारात वहिनी. एरवी त्या बेल वाजवत नाहीत, "अगं" म्हणत आतच येतात. आमची जादा किल्ली त्यांच्याकडे आणि त्यांची आमच्याकडे, ही सोसायटी उभी राहिल्यापासूनची पद्धत. त्यांनी आमची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"सेक्रेटरीसाहेबांच्या घराची जबाबदारी नको, मॅडम," त्या म्हणाल्या. "उद्या काय गेलं तर आमच्यावर यायचं. आमची पण देऊन टाका."

मी खुंटीवरची त्यांची किल्ली आणून दिली. त्यांचं दार लागलं आणि मला रडू फुटलं.

हे बाहेर आले. किल्ली बघून म्हणाले, "मग आता आपली कुणाकडे ठेवायची?"

"सगळी बिल्डिंग घाबरते तुम्हाला," मी म्हटलं. "द्या कुणाकडेही."