लाल कागदातले लाडू

सौंसरच्या आमच्या शाळेत एकही ख्रिश्चन पोर नव्हतं. मॅडमही ख्रिश्चन नव्हत्या. नागपूरहून येऊन त्यांनी भाड्याच्या घरात शाळा उघडली, वर इंग्रजी नावाची पाटी लावली आणि पाटीला शोभावं म्हणून डिसेंबरात नाताळ सुरू केला. ऐंशीच्या दशकात आमच्या गावाला इंग्रजी पाटी दिसली की पुढचं काही विचारायचं भान राहत नसे. माझे वडील तहसिलीत शिपाई होते. त्यांनीही विचारलं नाही, मला तिथं घातलं.

नाताळ म्हणजे भेटवस्तू गुंडाळणं, एवढंच आम्हाला कळलं. येशूबद्दल मॅडम दोन वाक्यं बोलल्या आणि कागदाच्या घडीबद्दल आठवडाभर. कोपरा नखानं दाबा. टोक आत घ्या. चिकटपट्टी बाहेर दिसली की त्या नाक मुरडायच्या. "सफाईदार घडी म्हणजे सफाईदार मन," असं त्या रोज म्हणायच्या, आणि आम्ही पाचवीतल्या पोरी वर्तमानपत्राच्या रद्दीवर मन साफ करत बसायचो.

भेट म्हणून घरी केलेला खाऊ आणायचा होता. डब्यावर लावायचा टॅगही घरीच करायचा. विकतचा चालणार नाही असं त्यांनी बजावलं, जसे काही आमच्या बाजारात टॅग पोत्यानं पडले होते. जुन्या लग्नपत्रिका कापा, दोरा ओवा, पण त्यावर नाव लिहू नका. "नाताळात सगळे सारखे. भेट सांताक्लॉज देतो," मॅडम म्हणाल्या.

बाईंना एवढंही कळू नये? आमच्याकडे लग्नपत्रिका म्हणजे माणसाची अख्खी ओळख. कुणाच्या टॅगवर गणपतीची अर्धी सोंड आली, कुणाच्या टॅगवर कलशावरचा नारळ. आमच्या घरच्या पत्रिकांवर बुद्ध होते, निळी किनार होती आणि पिंपळाची पानं होती. मी कात्री घेऊन बसले तशी आई ओरडली, "बुद्धावर कैची नको चालवू व. पान काप."

मी पान कापलं आणि निळा दोरा ओवला.

लाडू आईनं केले, बेसनाचे, प्रत्येकावर चारोळीचे तीन दाणे दाबून. असं ती नेहमीच करायची. मिठाईच्या जुन्या पुठ्ठ्याच्या डब्यात भरून मी ते रद्दीच्या कागदात गुंडाळले. आमच्या घरचा पदार्थ तोवर आमच्या वस्तीबाहेर कधी गेला नव्हता. दिवाळीची ताटं फिरायची ती आमच्या आमच्यातच. हा डबा चिठ्ठीत निघेल त्या घरी जाणार होता, मग ते घर कुणाचंही असो. आईला याचं इतकं अप्रूप वाटलं की तिनं तूप हात न आखडता घातलं. "पाहू, कोणाच्या घरी जाते," असं ती दोनदा म्हणाली. तिचा आनंद पाहून मला लाजल्यासारखं होत होतं, कारण मलाही तेवढाच झाला होता.

समारंभ नाताळच्या आदल्या दिवशी झाला. मॅडमचे यजमान सांताक्लॉज झाले. दाढी कापसाची होती, पण कापसातली सरकी काढायची राहिली होती, त्यामुळे हसले की ती गळायची. पोरी एकेक चिठ्ठी उचलत होत्या आणि त्या आकड्याचा डबा घेत होत्या. माझा डबा गावातल्या संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या मुलीला गेला. ती खूश झाली. तिची आई बाजूलाच उभी होती. तिनं निळा दोरा बोटानं उचलला, पान उलटसुलट पाहिलं आणि डबा पोरीच्या हातातून काढून घेऊन सरळ मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमही मागून गेल्या.

माझी पाळी शेवटची होती. तोवर टेबलावरचा शेवटचा डबा उचलून मॅडमनी व्यापाऱ्याच्या मुलीला दिला होता. "चिठ्ठी चुकली होती," असं त्या हसत म्हणाल्या. "तुझं आतून आणते हं." आणि त्यांनी लाल चकचकीत कागदातला डबा आणून दिला. असा कागद मी पहिल्यांदाच हातात घेत होते. कोपरे धारदार होते, चिकटपट्टी कुठंही दिसत नव्हती. टॅगवर कापसाची दाढी चिकटवली होती.

घरी आईनं तो कागद फाटू न देता उघडला. आत आमचाच मिठाईचा पुठ्ठ्याचा डबा होता. बेसनाचे लाडू, वर चारोळीचे तीन तीन दाणे. एकही कमी नव्हता.

आईनं कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "पान कुठं आहे?"

पान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ठेवणीतली पांढरी साडी नेसली. लाडू त्याच लाल कागदात, त्याच घड्यांवर पुन्हा गुंडाळले. मला दुसरं पान कापायला लावलं आणि त्यावर वडिलांचं पूर्ण नाव आडनावासकट लिहून घेतलं. शाळेच्या मागच्याच खोल्यांत मॅडम राहायच्या. दार त्यांनीच उघडलं.

"तुमच्यासाठी आणलं, मॅडम," आई म्हणाली. "काल आमच्याच घरी वापस आले. आता एक खाऊन पाहा."

मॅडमनी नाव वाचलं. चेहरा जरा उतरला, पण बाई तयारीच्या होत्या. डबा दोन्ही हातांत घेत त्या गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, नक्की खाल्ला असता. पण आज माझा उपवास आहे ना."

नाताळचा दिवस. कुठल्या देवाचा उपवास ते त्यांनी सांगितलं नाही. दारातून फोडणीचा वास येत होता. तेवढ्यात आतून सांताक्लॉज ओरडले, "अगं, ये ना लवकर. पोहे थंड होऊन राहिले तुझे!"

मॅडमचा हात डब्यावर तसाच राहिला. आईनं तो डबा त्यांच्या हातून सावकाश काढून घेतला, तिथंच लाल कागद टराटरा फाडून त्यांच्या उंबऱ्यावर टाकला, एक लाडू मला दिला आणि एक स्वतःच्या तोंडात घातला. तो पुरता खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "जा मॅडम. उपवासाचे पोहे थंडे होऊन राहिले."