उस्तादांचा उजवा पाय

किसनराव लोखंडे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी भांडायच्या तयारीत होते. वडील जाऊन तीन महिने झाले होते. त्यांची जुनी गाडी माझ्या वाट्याला आली होती आणि तिचं क्लच पेडल दर आठवड्याला खाली जाऊन तिथेच पडून राहायचं. जवळचा एक मेकॅनिक प्रत्येक वेळी ऑइलची डबी ओतून मला वाटेला लावत होता. शेवटी त्याने क्लच प्लेटच बदलायला सांगितली. तेवढ्यात कुणीतरी सिकंदराबादच्या उस्तादांचं नाव सुचवलं. मी गाडी कशीबशी तिथवर नेली आणि उतरता उतरताच म्हणाले, "ऑइल ओतणार असाल तर आत्ताच सांगा, मी दुसरीकडे जाते."

निळ्या सदऱ्यातले एक उंच गृहस्थ हात पुसत पुढे आले. "जयभीम. बसा," ते म्हणाले. "गाडी ऑइल पीत नसते बाई. कमी झालं म्हणजे कुठंतरी गेलं. कुठं गेलं ते बघू."

त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली आणि मला म्हणाले, "हात लावा." मी लावला. खालची बाजू ओली, बुळबुळीत होती. क्लच पेडलच्या मागे असलेल्या मास्टर सिलिंडरचं रबर गेलं होतं, आणि ओतलेली प्रत्येक डबी माझ्याच पायाशी येऊन मुरली होती. रबर बदललं, प्लेट वाचली. माझं भांडण तसंच तोंडात राहिलं.

मी तेव्हा हैदराबादेत, आबिड्समधल्या एका कापडदुकानात नोकरी करत होते. वय एकोणतीस. पुढच्या सुट्टीला मी पुन्हा गॅरेजात गेले, काम बघायला. चौथ्या सुट्टीला विचारलं, "मला शिकवाल का?" तिथले दोघे मेकॅनिक फिदीफिदी हसले. उस्ताद त्यांना म्हणाले, "हसू नका. तिनं चटईखाली हात घातला. तुम्ही आधी फडकं शोधलं असतं." या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली.

उस्तादांचे वडील हिंगोलीकडून रेल्वेच्या नोकरीसाठी सिकंदराबादला आले. घरात मराठी, गल्लीत दख्खनी उर्दू आणि बाजारात तेलुगू, अशा तिन्ही भाषा उस्तादांच्या जिभेवर नांदतात. त्यांची ब्रेक तपासायची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. ते चप्पल काढत, अनवाणी पाऊल पेडलवर हलकेच ठेवत आणि तीसपर्यंत मोजत. दहापर्यंत तेलुगूत, वीसपर्यंत उर्दूत, पुढचे मराठीत. गॅरेजातल्या सगळ्यांना निदान एक तरी दहा समजावेत म्हणून, असं ते सांगत. खरं तर मोजणं लांबावं आणि घाई होऊ नये, हा त्यातला डाव होता. "धबाधबा पंप मारला की पेडल खोटं बोलतं," ते म्हणत. "पाय नुसता ठेवायचा. खरं काय ते सावकाश कळतं."

माझ्या पहिल्याच वर्षी एका साहेबांनी मला गाडीखालून बाहेर येताना पाहिलं आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "उस्ताद, आप देखो, ये बाई नक्को." उस्तादांनी गाडीची चावी त्यांच्या हातावर ठेवली. "फिर मैं बी नक्को," एवढंच म्हणाले. साहेब चावी घेऊन गेले आणि आठवड्याने परत आले. माझ्यासाठी कुणी गिऱ्हाईक सोडायला तयार झालं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर रडले.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या लेखात पुढचं मी त्यांना विचारूनच लिहिते आहे. "लिही," ते म्हणाले. "नुसती आरती नक्को. मी काही देव्हाऱ्यात बसलो नाही."

गेल्या वर्षीची गोष्ट. उस्तादांना साखरेचा आजार जुना. एका दुपारी ते चहाच्या टपरीवरून परत आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी रस्त्यात राहिली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. "उस्ताद, अर्धे कुठं विसरून आलात?" म्हणत मी हसले. तेही हसले. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी नरसिंगराव सर गाडी घेऊन आले. सर निवृत्त हेडमास्तर, आमचे जुने गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी सकाळी नातीच्या अक्षराभ्यासाला, म्हणजे सरस्वतीच्या देवळात पहिलं अक्षर गिरवायला, सगळं घर याच गाडीतून बासरला निघणार होतं. तक्रार एवढीच, की सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं की पेडल हळूहळू खाली जातं. उस्तादांनी ब्रेक ऑइलची पातळी पाहिली, ती बरोबर होती. चारही चाकांशी पाहिलं, सगळीकडे कोरडं. मग चप्पल काढून पाय ठेवला, तीस मोजले आणि म्हणाले, "ओके आहे." उस्तादांचा पाय ओके म्हणाला की आम्ही कुणी पुन्हा बघत नसू.

गाडी बाहेर काढायला मी बसले. फाटकाशी एक ऑटो आडवा आला म्हणून ब्रेकवर पाय ठेवून थांबले, आणि भिजवलेल्या कणकेत बोट जावं तसं पेडल खाली जायला लागलं. पुन्हा दाबलं, वर आलं. पाय तसाच ठेवला, पुन्हा खाली. बाहेर गळती नाही, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर झिजलं होतं आणि ऑइल आतल्या आत निसटत होतं. भरलेल्या गाडीला, हायवेवर, ऐन वेळी याने दगा दिला असता.

सर बाकावर चावीसाठी हात पुढे करून बसले होते. आणखी तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्या सगळ्यांसमोर उस्तादांना खोटं पाडायचं माझ्याच्याने होईना. मी चक्क खोटं बोलले. "सर, दोन मिनिटं, हॉर्न बघते," म्हणून गाडी परत आत घेतली.

"उस्ताद, पेडल बसतंय," मी हळूच म्हणाले.

"मी बघितलं की आत्ता."

"परत एकदा बघा."

ते बसले. तेलुगूत दहा, उर्दूत दहा, मराठीत दहा. मी उघड्या दाराशी उकिडवी बसून पेडलकडे पाहत होते. ते चार बोटं खाली गेलं. त्यांचं पाऊलही त्याच्याबरोबर गेलं, आणि उस्ताद समोरच्या काचेतून पाहत मला म्हणाले, "कुठं बसतंय, माय?"

मी त्यांचा हात धरला आणि पेडलवर ठेवला. "हातानं दाबा." ते खाली उतरले, गुडघ्यावर बसले आणि तळहाताने दाबून मोजायला लागले. तेलुगूतल्या सातावरच त्यांचं मोजणं थांबलं.

"कवापासून?" ते स्वतःलाच म्हणाले.

मी म्हटलं, "सरांना मी सांगते. पार्ट खराब निघाला म्हणून सांगते."

"नक्को."

खाली बघून त्यांनी चप्पल पायात सरकवली. मग सगळ्यांच्या मधोमध उभं राहून म्हणाले, "सर, गाडी मैं ओके बोला. गलत बोला. मेरे पाव कू अब समझता नै. ये शोभाबाई पकडी. कल ये गाडी नै जाती."

चावीसाठी पुढे केलेला हात सरांनी मागे घेतला. "गाडी रहने देव, किसनराव," ते म्हणाले. "बच्ची कू रेल बहुत पसंद है." ते सगळे रेल्वेने बासरला गेले आणि पोर हातावर खडूची पूड घेऊन आनंदाने परत आली.

एवढ्यावर थांबले तर ते आमचे उस्ताद कसले? सोमवारी त्यांनी कामाची वही उघडली आणि दिवाळीपासून ब्रेक-क्लचसाठी आलेल्या प्रत्येकाला स्वतः फोन लावायला बसले. "किसन लोखंडे बोलतो. तुमची गाडी मी तपासली होती. परत दाखवून जा. माझ्या पायात दोष आहे." मी संतापले. म्हटलं, "उस्ताद, पन्नास वर्षांचं नाव घालवायला बसलात काय?" फोन कानाशी तसाच धरून ते म्हणाले, "नाव गेलं तर गेलं, माय. गाडीत माणसं बसतात."

म्हातारा संपला, असं एक-दोघांनी म्हटलंही. ते काही परत आले नाहीत. बाकी सगळे आले. प्रत्येक पेडलवर मी पाय ठेवला आणि उस्ताद दाराशी उभे राहून मोजत राहिले. एका टॅक्सीत तोच दोष निघाला. तिचा ड्रायव्हर रोज माणसं घेऊन विमानतळाला जाणारा. त्याने वाकून उस्तादांचे पाय धरले. असलं काही त्यांना मुळीच आवडत नाही, एरवी ते झटकन मागे सरतात. त्या दिवशी ते सरले नाहीत. त्याची बोटं त्यांच्या पावलांवर होती आणि त्यांना ते कळलंच नव्हतं. खाली नजर गेली तेव्हा त्यांनी त्याला उठवलं. मी तोंड फिरवून पाना शोधायचं नाटक केलं.

आता डॉक्टरांनी अनवाणी चालायला बंदी केली आहे. काकू, म्हणजे उस्तादांच्या पत्नी, रोज संध्याकाळी त्यांचे दोन्ही तळवे उजेडात धरून तपासतात, कुठे खरचटलं, कुठे चटका बसला ते बघतात. गॅरेजात उस्ताद रोज येतात. गाडीच्या उघड्या दाराशी लाकडी स्टुलावर बसतात. मी पाय ठेवते, ते मोजतात, आणि माझी घाई झाली की अजूनही ओरडा बसतो.

पंचाहत्तरी पुरी करणाऱ्या माणसाला काय मागावं? साखर ताब्यात राहो, डोळे-कान असेच तिखट राहोत, काकूंची सोबत लाभो, आणि शंभरी गाठेपर्यंत आम्हाला त्यांचा ओरडा मिळत राहो. तळपायांची जाण परत येईल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. उस्ताद, नाही आली तरी काळजी करू नका. आमचे पाय आहेत, आणि ते तुम्हीच शिकवलेले आहेत.