गादीवाल्या रहेमानभाईचं ऊन

नेर गावाले रहेमानभाई पिंजारी राहे. रुई पिंजून गाद्या भरे. कापसाचा भाव पडला तवाची गोष्ट. लोक म्हनत, मातीमोल कायले इकाचा, त्यापरीस पोरीच्या लग्नाच्या गाद्या भरू. रहेमानभाईले काम आवरेना.

पन पिंजाई होते दारं-खिडक्या लावून. जराक हवा शिरली का रुई उडते. उजाडलं का थो खोलीत शिरे, अंधार पडला का भायेर ये. आपल्या इथलं ऊन कातडं सोलते बापा, अन् ह्या मानसाले ऊन ठाऊकच नाई!

मांड्या दुखाले लागल्या, पायरी चढवेना. यवतमाळच्या डाक्टरनं रगत तपासलं. म्हने, "चाचा, तुमच्यात डी जीवनसत्त्व लय कमी हाये. थे उन्हानं भेटते. गोळ्या घ्या, उन्हात बसा. आनखी काई तरास?"

"नाई जी."

खोटं बोलला. परसाकडे गेला का रगत पडे त्याले. मूळव्याध असन म्हने, अन् गप राहे.

मंग रोज बनियन काढून वट्ट्यावर बसे. शेजारची हंसाबाई म्हने, "भाईजी, पालटून बसा, एकच बाजू भाजून राह्यली!" दोन-तीन महिन्यात मांड्या मोकळ्या झाल्या. त्याले वाटलं, उन्हानं हे गेलं तं थेबी जाईन.

एक दिवस त्याच्या बायकोनं, जुबैदानं पाह्यलं, नवरा मोरीत पायजमा धुऊन राह्यला. जलमात ज्यानं रुमाल धुतला नाई! तिनं हिसकून पाह्यलं तं रगताचे डाग.

"कधीपासून?"

"मूळव्याध हाये. ऊन घेऊन राह्यलो ना, जाईन."

"तुमचे अब्बाबी मूळव्याध म्हनत म्हनतच गेले. डाक्टरले सांगा."

"तिथलं कसं दाखवू? लाज हाये का नाई तुले?"

बाभुळगावच्या लग्नाची गादी भरून पडली होती. टाके जुबैदाच घाले. तिनं सुई-दोरा वढनीत बांधला अन् त्या गादीवर आडवी झाली. दारात गादी न्याले आलेला नवरीचा बाप उभा. जुबैदा नवऱ्याले म्हने, "पह्यले दवाखाना, मंग टाके."

गेला मंग यवतमाळले. दुर्बिणीतून मोठ्या आतड्यात गाठ दिसली. कॅन्सरची, पन सुरुवातीची.

"साहेब, ऊन कमी पडलं म्हनून झालं का?" रहेमानभाईनं इचारलं.

डाक्टर म्हने, "ज्याईले डी कमी, त्याईच्यात हा रोग जास्त दिसते, असं काई तपासन्यात आलं. पन त्याच्यानंच होते असं छातीठोक कोनी सांगत नाई. हाडाले ऊन चांगलं. गाठ उन्हानं जात नाई चाचा, कापा लागते."

कापली. महिनाभर खाटेवर पडून होता. हिंडाले लागला तसा लहान्या भावाच्या, तारिकच्या घरी गेला. बाप तसा गेला, भावाले गाठ निंघाली, हा रोग घरात चालू शकते म्हनून डाक्टरनं तारिकलेबी तपासाले बलावलं होतं.

"दुर्बीण? मी नाई येत," तारिक म्हने.

"नको येऊ. तुही भाभी भायेर उभी हाये, तिले सांग."

तारिकनं दारातून डोकावून पाह्यलं, अन् चपला घातल्या.