टायगरची शाळा केशरबाईच्या गोठ्यात

जुई गावात केशरबाईचा आवाज माहीत नाही असं माणूस नव्हतं. खाडीच्या बांधावरून तिनं एकदा "हाऽऽड!" केलं की गावातल्या तव्यावरची भाकरीसुद्धा दचकते, असं तिचा दीर सदू म्हणायचा. सदूचं बोलणं नेहमीच तिखटमीठ लावून, पण हे निदान निम्मं तरी खरं होतं. नवरा गेला, भाताची खाचरं नव्या शहराखाली गेली, लेक लग्न होऊन उरणला गेली. उरल्या सात बकऱ्या आणि हा आवाज. या दोहोंवर बाईचं पोट चालायचं.

शहाऐंशी साली गावाच्या अंगाला चार मजली बिल्डिंगा उभ्या राहिल्या आणि त्यांत माणसं राहायला आली. त्यातलाच एक सुधीर पेडणेकर. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात कारकून. स्वभावानं गरीब गाय, पण हौस दांडगी. त्यानं अल्सेशियनच्या वळणाचं एक कुत्रं पाळलं. आठ महिन्यांचं पोर ते, नाव टायगर. सुधीर आणि त्याची बायको चारुलता घरात एकमेकांशी मालवणी बोलत, आणि कुत्र्याशी मात्र "सिट टायगर, नो टायगर!" का, ते मला विचारू नका. कुत्र्याला मराठी कळत नाही असा आपल्याकडे एक समजच आहे.

होळीनंतर एका सकाळी सुधीरच्या हातून साखळी सुटली. टायगर मोकळ्या प्लॉटवर चरणाऱ्या बकऱ्यांकडे निघाला. केशरबाईनं हाळी ठोकली, दगड भिरकावला, बकऱ्या उधळल्या आणि कुत्रा त्यांच्या मागे सुटला. पळता पळता तांबडी नावाची गाभण बकरी गटारासाठी खणलेल्या चरात पडली. संध्याकाळी तिनं गाभ टाकला. दोन करडं होती, दिवस भरत आलेली. केशरबाईनं ती स्वतःच्या हातानं बांधाशी पुरली आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

"वयनी, तू फकस्त गप रा," सदू म्हणाला. "भाकरीत उंदराचं औषद घालून टाकतो. खेल खलास." गावानंही मान डोलावली. तेवढ्यात सुधीर आला, मान खाली घालून. "मावशी, चुकलं माझं. तुम्ही सांगाल ते करतो."

ती खाली घातलेली मान बघून केशरबाईचं डोकं आणखीच फिरलं. तिनं त्याला वाटेला लावलं. पण दोन दिवस ती विचार करत होती. आज हा कुत्रा मेला, तर उद्या तिसऱ्या मजल्यावर दुसरा येईल. बिल्डिंगा काय थांबणार आहेत? बकऱ्यांना यापुढे या लोकांच्या दारातच चरायचं होतं. कळपातली दुसरी बकरी चांदी, तीही गाभण होती. मग तिनं सदूला बोलावून सांगितलं, "चांदी व्यायला महिना हाय. तवर कुत्रा सुदारला तर रायला. नाय तर तुजं औषद, मी आडवी येनार नाय." आणि सुधीरला निरोप धाडला: रोज सकालचा कुत्रा घेऊन ये, आनि ती विंग्रजी घरी ठेव.

पहिल्याच दिवशी बाई चुकली. उनाड गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, लोढणं म्हणतात त्याला. जनावर धावलं की तो गुडघ्यावर आपटतो आणि ते ताळ्यावर येतं. तिनं तसलंच लोढणं टायगरच्या गळ्यात अडकवलं. चार दिवसांत त्याचे गुडघे सोलवटले आणि बकरीचा वास आला की तो दात विचकायला लागला. पाचव्या दिवशी बाईनं कपाळावर हात मारून घेतला. बकरी दिसली की गुडघा दुखतो, एवढंच तो शिकला होता! गुराचं औषध कुत्र्याला, दुसरं काय होणार?

लोढणं तिनं चुलीत घातलं. मग बकऱ्यांपासून लांब एक खुंटी ठोकली, टायगरला तिथं बांधलं आणि त्याच्याकडे पाठ करून शेजारी बसली. त्याला हिसके द्यायचे तेवढे देऊ दिले. तो दमून खाली बसला, बकऱ्यांवरून नजर काढली, की सुक्या बोंबलाचा एक तुकडा. पुन्हा हिसका मारला तर काही नाही, ना मार ना शिवी. खुंटी रोज हातभर पुढे सरकायची. बकऱ्यांच्या वासाची सवय व्हावी म्हणून तिनं गोठ्यातलं गोणपाट सुधीरच्या घरी पाठवलं, टायगरच्या अंथरुणाला. चारुलता नाक मुरडून तीन दिवस उदबत्त्या जाळत होती. शेजाऱ्यांना वाटलं, यांच्याकडे पारायण बसलंय.

विसाव्या दिवशी चांदी चरत चरत टायगरच्या शेपटीपाशी आली. त्यानं नुसता कान हलवला. केशरबाईला इतका आनंद झाला की तो लपवताना तिची तारांबळ उडाली. "बरा हाय मेला," एवढंच ती म्हणाली. पण त्या दिवशी बोंबील अख्खा दिला.

सदू मात्र मानायला तयार नव्हता. "दोरीत काय, मीबी शाना. दोरी सोड."

रविवारी सगळे प्लॉटवर जमले. केशरबाईनं दोरी सोडली. टायगर बसून राहिला. बकऱ्या आजूबाजूला चरत होत्या. सदूची एक विडी संपली, तरी कुत्रा जागचा हलला नाही. सुधीर हसायला लागला. तेवढ्यात चांदी, ते भरलेलं पोट घेऊन, नेमकी त्या चराच्या काठाकडे गेली. केशरबाईच्या तोंडून निघून गेलं, "हाऽऽड!"

सातही बकऱ्या एकदम उधळल्या. टायगर ताडकन उठला आणि त्यांच्या मागे सुटला. सुधीर "नो! नो!" करत धावला.

"झालं!" सदू गरजला. "बगितलंस ना? आता मना आडवू नको."

केशरबाईनं दुसऱ्या हाळीसाठी तोंड उघडलं होतं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मटकन खाली बसली. आवाज थांबला तशा वीस पावलांवर बकऱ्या मंदावल्या. मागे वळून पाहिलं तर मालकीण बसलेली, मग त्या पुन्हा चरायला लागल्या. पळणारं कोणी उरलं नाही, तसा टायगर थांबला. चांदीपासून हातभर अंतरावर जीभ काढून तो गवतात आडवा झाला.

बाई बसूनच राहिली. आधी हाळी, मग बकऱ्या, मग कुत्रा. आत्ता तिच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. आणि त्या दिवशी? त्या दिवशीही टायगर आला तो शेपूट हलवतच. हाळी तिची होती, दगड तिचा होता.

गप्प बसली असती तर कोणाला कळणार होतं? सदू घराकडे वळला होता. सुधीर महिनाभर उभा राहिला तसाच मान खाली घालून उभा होता.

"सदू, थांब." इतक्या हळू आवाजात ती बोलल्याचं सदूनं कधी ऐकलं नव्हतं. तो थांबला. "त्याला औषद कशाला? आदी मी वरडली, मंग बकऱ्या पलाल्या, मंग तो. त्या दिवशीबी आसंच झालं. तांबडीची पिल्लं माज्या गल्यानं गेली." बोलता बोलता ती हुंदके द्यायला लागली.

"मावशी, असं काय बोलता?" सुधीर तिच्यापाशी येऊन बसला. "साखळी माझ्याच हातून सुटली होती."

"सुटली व्हती. तो तुजा गुना, तुज्याकडं ठेव. ह्यो माजा हाय."

सदू तिथंच मातीत उकिडवा बसला. केशरबाईनं पदरानं नाक पुसलं आणि सुधीरकडे बघितलं.

"उद्या सकालचा घेऊन ये त्याला. तो शिकला. आता गप बसायला मना शिकायचं हाय."