मिठागराचा चिखल आणि महिपतच्या मेढी

डोंबिवली गावाखाली, खाडीच्या अंगाला महिपतची वाडी होती. काम जितकं निकडीचं, तितका त्याचा विचार लांब. कल्याणपर्यंत आगगाडी येऊन एक पिढी उलटली, तरी तिच्यात बसावं की नाही हे त्याचं अजून ठरायचं होतं.

त्या साली मात्र घाई होती. भात निघालं होतं, वाडीत वाल पेरले होते, आणि पडघ्याला दिलेल्या लेकीला पहिल्यांदाच दिवस गेले होते. 'आयेच्या वालाच्या शेंगा खायच्यात,' असा तिचा निरोप आला होता. आदल्या वर्षी वाळवीनं कुंपणाच्या लाकडी मेढी बुडाशी पोखरल्या, कुंपण आडवं झालं आणि सगळे वाल गावच्या म्हशींच्या पोटात गेले.

"औंदा मेढी पडल्या तर लेकीला काय धाडू?" त्याची बायको रखमाबाई म्हणाली. "तुमचा इचार?"

मेढी मलंगच्या रानातल्या, चांगल्या ऐनाच्या लाकडाच्या आणल्या. अडलं ते खड्ड्यात काय भरायचं यावर. गवंड्यानं चुना आणि विटांचे तुकडे सांगितले. शेजारचा काळुराम म्हणाला, "मुरूम घाल, दगड घाल, वरून पहारीनं ठोक. यात इचार कसला रं?"

सोप्या उत्तराचा महिपतला फार संशय. "दगडाखालून वालवी येत नाय काय?"

"ती काय तुला इचारून येते?"

मग महिपत ठाण्याकडं मिठागरावर कामाला असलेल्या मेव्हण्याकडं गेला. तिथं बांधावर जुन्या मेढी खारट चिखलात ताठ उभ्या. मेव्हणा म्हणाला, वाळवी मिठाला तोंड लावत नाही. महिपतच्या डोक्यात उजेड पडला. तो चिखलानं होडी भरून परतला.

धक्क्यावर काळुराम उभाच होता. "लोकं मिठागरावरून मीठ आनतात, आमचा महिपत चिखल आनतो."

"तुज्या मेढी पडल्या की ये. थोडा ठेवतो तुज्यासाठी."

कुंपण उभं राहिलं, सुरेख राहिलं. वाळवीचा मागमूस नाही. महिपत जाता-येता मेढींवरून असा हात फिरवी, जसा कोणी जावयाच्या पाठीवरून फिरवावा.

वाल फुलावर आले आणि एके सकाळी रखमाबाई बाहेर येऊन थबकली. कुंपणाला लागून गावची सगळी गुरं ओळीनं उभी, जशी पंगतच बसलेली. मेढींच्या बुडाचा खारट चिखल चाटत होती, चाटून खड्डे पाडत होती, मध्येच मान खाजवायला मेढीलाच घासत होती. काळुरामची म्हैस पंगतीच्या अग्रभागी. कोपऱ्यातल्या मेढी कलल्या होत्या.

"वालवी नाय आली," रखमाबाई म्हणाली. "तिनं म्हशी धाडल्या."

तिनं गुरं हाकलली, पहार उचलली आणि चिखल उकरायला लागली. महिपत दगडावर बसला.

"आता कसला इचार?"

"हा चिखल टाकायचा कुठं याचा."

"जिथं तुमी कदी जात नाय तिथं. कामाच्या जागी."

तो उठला. पाट्या वाहून त्यानं चिखल दूर खाडीच्या बांधावर ओतला. खड्ड्यांत मुरूम, दगड भरले. ठोकायला काळुराम आला, आणि हसू दाबत ठोकत राहिला.

दुसऱ्या दिवशी गुरं गोठ्यातून सुटली ती थेट बांधावरच्या ढिगाकडं. पुढं रोज तेच. महिपतच्या कुंपणाकडं कुणी मान वळवून बघेना. शेंगा भरल्या. माघात टोपली भरून नवरा-बायको पडघ्याला गेले.

लेक टोपली पुढ्यात घेऊन कच्च्याच शेंगा सोलत बसली. "आये, औंदा कशा वाचल्या गो?" तिनं आईला विचारलं.

"मिठानं," आईच्या आधी महिपत म्हणाला.

"मुरमानं," रखमाबाई म्हणाली.

"तुला समजायचं नाय. मी सांगतो," म्हणून महिपतनं मेव्हण्यापासून सुरुवात केली. शेंगा चुलीवर चढल्या, उतरल्या, लेकीनं दोनदा वाढून घेतल्या. महिपत अजून होडी भरत होता.